ढाळजेत बसवलेला सालगडी

मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरात शिरले की आधी ढाळज लागते. वाटसरू, वसुलीवाला, सोयरीक घेऊन आलेले पाहुणे, सगळे पहिल्यांदा तिथेच टेकतात. पाणी तिथे, चहा तिथे, बोलणे तिथे. आतल्या माजघराशी, देवघराशी, धान्याच्या बळदाशी त्यांचा संबंध येत नाही. कुणाला कुठवर येऊ द्यायचे, हे घर बांधणाऱ्याने भिंतींतच ठरवून ठेवलेले असते.

वायफायच्या राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ नावाची सोय असते, ती ही ढाळजच. आलेल्याने इंटरनेट वापरावे; घरातल्या संगणकापर्यंत, प्रिंटरपर्यंत त्याचा हात पोचू नये. या सोयीच्या मूळ कामाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्या गळ्यात मागाहून बांधलेल्या दुसऱ्या कामाबद्दल. घरातले कॅमेरे, टीव्ही, बल्ब, प्लग ही सगळी ‘स्मार्ट’ यंत्रे उचलून गेस्ट नेटवर्कवर टाका, म्हणजे घर सुरक्षित झाले, असे मत आता रूढ आहे. जाणकार ते सांगतात, आणि पुण्याहून सुटीला आलेला संगणक-अभियंता भाचाही मामाच्या घरी पाय ठेवल्या ठेवल्या तेच सांगतो.

हे मत परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या राणीसावरगावात नेऊन तपासावे, असा या लेखाचा विचार आहे. गाव मुद्दाम घेतले. ज्या घरांकडे पाहून हा सल्ला जन्मला ती सातासमुद्रापलीकडची. सल्ल्यात शास्त्र असेल तर रेणुकादेवीच्या या गावातही तो खरा ठरला पाहिजे. नाही ठरला तर दोष गावाचा नव्हे.

पूर्वपक्ष

खंडनाला बसायचे तर समोरच्याचे म्हणणे आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडावे, अशी आपल्याकडच्या वादाची रीत आहे. तेव्हा गेस्ट नेटवर्कवाल्यांची बाजू अशी.

पहिला युक्तिवाद. स्वस्त यंत्र बनवणारा ते विकून मोकळा होतो. संगणकाला, फोनला सुरक्षेची दुरुस्ती येत राहते. स्वस्तातल्या कॅमेऱ्याला ती आली तर आली. म्हणजे असे यंत्र आज ना उद्या फुटणार. फुटलेले यंत्र आणि बँकेचे, कामाचे कागद असलेला संगणक एकाच नेटवर्कवर असतील, तर चोराला एकातून दुसऱ्यात जायला वाट मिळते. ही भीती मनाची नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ‘टार्गेट’ या दुकानसाखळीत चोर शिरले ते शीतकरणाची कामे करणाऱ्या एका ठेकेदाराच्या लॉगिनवरून, आणि पोचले थेट गल्ल्यावरच्या यंत्रांपर्यंत. सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. ‘डार्कट्रेस’ या सुरक्षा-कंपनीने सांगितलेली उत्तर अमेरिकेतल्या एका कसिनोची गोष्ट तर त्याहून गाजली: तिथे माशांच्या टाकीला लावलेले, इंटरनेटला जोडलेले यंत्रच चोरांची शिडी झाले. पुढे डिसेंबर २०१९ मध्ये एफबीआयच्या पोर्टलंड कार्यालयाने लोकांना जाहीरपणे सांगितले की फ्रिज आणि लॅपटॉप एका नेटवर्कवर नांदवू नका.

दुसरा युक्तिवाद. उपाय फुकट आहे. राउटरच्या पानावर जाऊन चार खुणा करायच्या, झाले.

तिसरा युक्तिवाद. समजा फायदा थोडाच झाला, तरी नुकसान तर नाही ना? असू द्या की!

पहिल्या युक्तिवादातले तत्त्व मला मान्य आहे. जे महत्त्वाचे आणि जे कच्चे, ते एकमेकांपासून दूर ठेवावे, यात वाद नाही. वाद आहे तो हे तत्त्व गेस्ट नेटवर्कच्या रूपाने आपल्या घराला लागू पडते का, एवढाच.

तपासणीसाठी न्यायशास्त्रातले तीन लक्षणदोष उसने घेतो. व्याख्या जिथे लागायला हवी तिथे लागत नसेल तर अव्याप्ती. नको तिथेही लागत असेल तर अतिव्याप्ती. कुठेच लागत नसेल तर असंभव. कपिल रंगाची ती गाय म्हटले तर पांढरी गाय सुटते. शिंगे असलेली ती गाय म्हटले तर म्हैसही गाय होते. अखंड खुराची ती गाय म्हटले तर जगात गायच उरत नाही. हे दोष सांगितले आहेत व्याख्यांसाठी, पण उपायांनाही ते तितकेच लागतात. गेस्ट नेटवर्कच्या उपायाला तिन्ही लागतात, असे माझे म्हणणे आहे.

अव्याप्ती

राणीसावरगावातली स्मार्ट यंत्रे मोजायला बसलो तर सुरुवात घरापासून नव्हे, शेतापासून करावी लागते. शेतीपंपाची वीज पाळीने येते, पुष्कळदा रात्री. अंधारात, साप-विंचवांतून विहिरीपर्यंत जाण्याऐवजी घरून फोन लावून मोटर सुरू करायची, ही युक्ती महाराष्ट्रातलीच. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ नावाचे असे यंत्र बनवले आणि २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. आज त्याच्या जातीचे कितीतरी मोबाईल स्टार्टर बाजारात आहेत. शहरातले दिवे माणसाचा शब्द ऐकू लागले त्याच्या कितीतरी आधी आपल्या मोटरी फोन उचलत होत्या.

या स्टार्टरच्या पेटीत स्वतःचे सिमकार्ड असते. घरच्या राउटरशी त्याचा सात जन्मांत संबंध येत नाही. अनुदानावर मिळणाऱ्या सौर पंपांवरची देखरेखीची पेटीही सिमवर बोलते, आणि शेतात खांबावर लावलेला सोलर कॅमेराही. त्यांना धोका नाही असे नाही. पेटीचा नंबर चारचौघांना ठाऊक असेल आणि ‘फक्त नोंदवलेल्या नंबरांचेच ऐक’ ही अट घातलेली नसेल, तर रात्री कुणीही मोटर सुरू करील. विहीर उपसलेली असताना कोरडी चाललेली मोटर जळते, आणि ती पुन्हा भरून आणायचा खर्च हॅकर देत नाही. इथे सुरक्षा म्हणजे नंबरांची यादी. गेस्ट नेटवर्क या सगळ्याला शिवतसुद्धा नाही.

आता घरात या. दुकानाला, गोदामाला, मोठ्या घराला जे सीसीटीव्ही लागतात त्यांची वायर डीव्हीआर नावाच्या डब्यात येते आणि डीव्हीआर राउटरला लॅनच्या तारेने जोडलेला असतो. गेस्ट नेटवर्क ही वायफायपुरतीच सोय. तारेने जोडलेल्या डब्याला ते सहसा लागूच होत नाही. म्हणजे घरातले सर्वांत नाजूक यंत्र मुळातच उपायाबाहेर राहिले.

वायफायवर चालणारा कॅमेरा घेतला तरी प्रश्न सुटत नाही. त्यासाठी तो काम कसे करतो ते पाहावे लागेल. मालक मुंबईत असतो आणि फोनवर गावच्या घराचे अंगण पाहतो. फोन थेट घरात येत नाही. कॅमेरा आतून बाहेर पडून कंपनीच्या सर्व्हरशी सतत संधान ठेवतो, मालकाचा फोनही त्याच सर्व्हरकडे जातो, आणि तिथे त्यांची गाठ घालून दिली जाते. गेस्ट नेटवर्क ही वाट अडवत नाही; अडवली तर कॅमेरा निरुपयोगी होईल. ऑगस्ट २०२१ मध्ये ‘मँडियंट’ या कंपनीच्या संशोधकांनी नेमक्या याच गाठी घालून देणाऱ्या ‘कॅले’ नावाच्या व्यवस्थेत गंभीर दोष दाखवला. ती बनवणाऱ्या कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे तिच्यावर ८ कोटी ३० लाख यंत्रे होती. कॅमेऱ्याचा ओळख-क्रमांक हाती आलेला माणूस त्या कॅमेऱ्याचे सोंग घेऊन मालकाचा पासवर्ड मिळवू शकत होता. कॅमेरा माजघरात होता की ढाळजेत, याने काडीचाही फरक पडत नव्हता. चोरी गावाबाहेरच्या सर्व्हरवर होणार होती.

आणखी जवळचे उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या महिला रुग्णांच्या तपासणीची सीसीटीव्ही चित्रे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातले, लातूर आणि सांगलीचे तरुण होते. लातूर म्हणजे राणीसावरगावच्या शेजारचाच जिल्हा. तपासाच्या बातम्यांतून पुढे जे आले ते असे: देशभरातले कितीतरी कॅमेरे असेच उघडले गेले होते, आणि त्या रुग्णालयाचा पासवर्ड होता ‘अॅडमिन’ या शब्दापुढे एक-दोन-तीन. कॅमेऱ्यातून संगणकात, संगणकातून तिजोरीत, असा कोणताही प्रवास या प्रकरणात नव्हता. कॅमेऱ्याने पाहिले तेच चोरीला गेले. त्या रुग्णालयात दहा गेस्ट नेटवर्के असती तरी एक-दोन-तीन हे एक-दोन-तीनच राहिले असते.

उरला बाहेर जाणारा उपद्रव. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर कारखान्यातून आलेले साठाहून थोडे अधिक ठरावीक पासवर्ड वापरून ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबरला त्या फौजेने ‘डाइन’ या कंपनीवर हल्ला चढवून ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी ठिकाणे काही तास लुळी पाडली. त्या मालकांच्या घरातले काहीच चोरीला गेले नाही. त्यांचे कॅमेरे फक्त दुसऱ्याच्या घरावर दगड मारत होते. गेस्ट नेटवर्क आतल्या खोल्यांमधली भिंत आहे. अंगणातून बाहेर जाणारा दगड ती कसा अडवणार?

हीच गोष्ट ‘सगळे चॅनेल फुकट’ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सची. जून २०२५ मध्ये एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ बद्दल इशारा दिला आणि पुढच्या महिन्यात गूगलने त्याच्या सूत्रधारांविरुद्ध दावा लावला. बाधित यंत्रे १ कोटीहून अधिक. त्यांतली पुष्कळशी कारखान्यातूनच बाधा घेऊन निघालेली. अशा बॉक्सचा धंदा म्हणजे तुमच्या घरची जोडणी अनोळखी माणसांना भाड्याने देणे. त्यांतल्या एखाद्याने तुमच्या जोडणीवरून कुणाला गंडवले, तर शोध घेत येणाऱ्या पोलिसाच्या हाती जो पत्ता असतो तो जोडणीचा. बॉक्स गेस्ट नेटवर्कवर होता, हे त्या पत्त्यावर कुठेच लिहिलेले नसते. ढाळजेतून असो की माजघरातून, घराला उंबरठा एकच.

अतिव्याप्ती

भाचा राउटर लावून परत गेला, असे समजा. टीव्ही, कॅमेरा, बल्ब ढाळजेत. फोन आणि लॅपटॉप माजघरात. संध्याकाळी मामींना फोनवरचे कीर्तन टीव्हीवर लावायचे असते. फोन टीव्हीला शोधतो तो एकाच नेटवर्कवर ‘कोण आहे का?’ अशी हाळी देऊन. ढाळजेतल्याला माजघरातली हाळी ऐकू येत नाही, आणि येऊ नये हेच तर भिंतीचे काम. टीव्ही सापडत नाही. नवा बल्ब जोडायचा तर फोन त्याच नेटवर्कवर असावा लागतो. तोही जुळत नाही. दोन दिवस चिडचिड होते, आणि तिसऱ्या दिवशी घरातला शहाणा मुलगा उपाय शोधतो: सगळ्यांचे फोन गेस्ट नेटवर्कवर घ्यायचे.

आता हिशेब मांडा. या घरात बँक कुठे आहे? फोनमध्ये. यूपीआय फोनवर, ओटीपी फोनवर, पीकविम्याचे कागद आणि सातबारा फोनमध्ये. लॅपटॉप असलाच तर पोराच्या अभ्यासापुरता. म्हणजे जे जपायचे तेही ढाळजेत आले, ज्याच्यापासून जपायचे तेही ढाळजेत, आणि माजघर रिकामे. दोष मामींचा नाही. जो उपाय पाळायचा तर रोजचे काम अडते, तो उपाय मोडणारच. तो मोडेल हे ज्याने आधी ओळखले नाही, चूक त्याची.

मात्र यापेक्षा खोल दोष वर्गवारीतच आहे. स्मार्ट यंत्रे संशयित आणि संगणक मौल्यवान, ही विभागणी या सल्ल्याने गृहीत धरली आहे. कॅमेरा कोणत्या गटात घालाल? त्याची बनावट कच्ची, म्हणून तो संशयित. पण तो बाळंतिणीच्या खोलीबाहेर लावला आहे, दुकानाच्या गल्ल्यावर लावला आहे, घरात कोण कधी असते हे त्याला ठाऊक आहे. म्हणून घरातली सर्वांत जपण्याजोगी गोष्ट तोच. त्याला उचलून गेस्ट नेटवर्कवर, त्या फुकट चॅनेलवाल्या बॉक्सच्या शेजारी नेऊन बसवणे म्हणजे लागण झालेले जनावर आणि दुभती म्हैस एकाच दावणीला बांधणे. काही राउटर गेस्ट नेटवर्कवरच्या यंत्रांनाही एकमेकांपासून तोडतात, काही तोडत नाहीत, आणि आपला कोणत्या जातीचा हे मामांना कोण सांगणार?

असंभव

तिसरा दोष सर्वांत साधा आहे. पुष्कळ घरांत जे गेस्ट नेटवर्क म्हणून दाखवले जाते, ते गेस्ट नेटवर्क नसतेच.

गावात फायबरची जोडणी देणारा जो डबा भिंतीवर ठोकून जातो, त्याच्या पानावर वायफायची दोन-तीन नावे ठेवायची सोय असते. दुसरे नाव चालू केले, त्याला वेगळा पासवर्ड दिला, की वेगळे नेटवर्क झाले असे वाटते. पण नाव वेगळे म्हणजे भिंत वेगळी असे नाही. एकाच ओसरीला दोन दारे पाडली तरी ओसरी एकच. आत भिंत घालण्याची खूण वेगळी असते. कधी ती बंद असते, कधी ती पाहण्याचे लॉगिनच ग्राहकाकडे नसते.

हे तपासायला अभियंता लागत नाही. फोन गेस्ट नेटवर्कवर घ्या, मोबाईल डेटा बंद करा आणि ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा तो १९२.१६८.१.१ असतो. राउटरचे लॉगिनचे पान उघडले, किंवा मुख्य नेटवर्कवरचा प्रिंटर दिसला, तर भिंत कागदावरची आहे.

भिंत खरी असली तरी ती अभेद्य नाही. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवले की त्यांनी तपासलेल्या प्रत्येक राउटरमध्ये, मग तो कोणत्याही किमतीचा असो, मुख्य आणि पाहुण्यांच्या नेटवर्कदरम्यान थोडीफार माहिती झिरपवता येते. या शोधाला मी फार चढवणार नाही: तो प्रकार करायला आधी आत शिरकाव लागतो आणि झिरपते तेही थेंबाथेंबाने. भिंतीला ओल येते म्हणून भिंतच बांधू नये, असे कुणी म्हणत नाही. पण तिच्या भरवशावर दार उघडे टाकू नये, एवढे तरी त्यातून निघते.

‘असू द्या की’ आणि ‘आपल्याकडे काय आहे?’

आता तिसरा युक्तिवाद: नुकसान तर नाही ना? आहे. गावात जो माणूस सुरक्षेसाठी वर्षातून एकदाच अर्धा तास काढणार आहे, त्याचा तो अर्धा तास हा सल्ला खाऊन टाकतो. भिंत घातल्याचे समाधान मिळते आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड तसाच राहतो. औषधाने अपाय केला नाही, तरी खऱ्या औषधाची वेळ टळली, हा अपायच.

दुसऱ्या टोकाला एक मत पारावर ऐकू येते: “आपल्याकडं काय ठिवलंय चोरायला? खेड्यात कोण हॅक करायलंय?” गेस्ट नेटवर्कचे खंडन म्हणजे या बेफिकिरीचे मंडन, असा कुणाचा समज होऊ नये. मिराईने गाव पाहून हल्ला केला नव्हता. त्याचा किडा इंटरनेटवरचे पत्ते वाटेल तसे निवडत जायचा आणि जे दार सापडेल त्यावर ठरलेले पासवर्ड ठोकून बघायचा. त्याच्या लेखी न्यूयॉर्क आणि राणीसावरगाव हे दोन आकडे. राजकोटच्या प्रकरणातही कुणी त्या स्त्रियांना ओळखून निवडले नव्हते. दार उघडे होते, एवढेच पुरले. चोराला आपण ठाऊक असण्याची गरज संपली आहे, ही या काळातली नवी गोष्ट.

भिंतीचे खरे काम

आता जिथे पूर्वपक्ष बरोबर आहे तिथे तो मान्य करू. २०२३ मध्ये माद्रिदच्या इम्डेआ संस्थेतल्या आणि इतर ठिकाणच्या संशोधकांनी ९३ यंत्रे एका घरासारख्या जागेत ठेवून त्यांचे आपसातले बोलणे ऐकले. ही यंत्रे घरातल्या नेटवर्कवर आपली नावे, ओळख-क्रमांक मोठ्याने सांगत असतात, आणि फोनमधली काही अॅप ते ऐकून बाहेर पाठवतात, असे दिसले. बाधित बॉक्सही घरातल्या शेजाऱ्यांची दारे ठोठावू शकतो. अशा आतल्या उपद्रवाला भिंत अडवते. घरात असा बॉक्स असेलच, तर तो ढाळजेत एकटा बसवा. खरे तर तो भंगारात द्यावा, पण एकटा बसवणे हे निदान पहिले पाऊल.

टार्गेटची गोष्टही घरांना नसली तरी गावाला लागू आहेच. फक्त ती कुठे लागू आहे ते पाहायला हवे. ‘आपले सरकार’ सेवा केंद्राचा संगणक, ज्यावर लोकांचे आधार, उत्पन्नाचे दाखले, अंगठ्याची यंत्रे. पतसंस्थेचा गल्ला. दवाखान्यातल्या नोंदी. शाळेचे कार्यालय. इथे दुसऱ्यांचे सोने आपल्या हाती असते. आणि इथेच नेहमीचे चित्र असे की सेवा केंद्राचा संगणक, त्याच दुकानातला मोबाईल दुरुस्तीचा बाक, रांगेत बसलेल्यांना दिलेला वायफायचा पासवर्ड आणि डीव्हीआर, सगळे एका डब्यावर लोंबकळत आहेत.

तेव्हा भिंत हवी, पण उलटी. संशयितांना शोधून बाहेर काढत बसू नका, कारण उद्या कोणते यंत्र संशयित ठरेल ते कुणालाच ठाऊक नाही. मौल्यवान काय ते ओळखा, तेवढेच आत घ्या, आणि बाकी सगळे जसे आहे तसे बाहेर राहू द्या. वाडा बांधणाऱ्याने हेच केले होते. त्याने गावातल्या चोरांची यादी केली नव्हती. बळद कुठे असावे ते ठरवले होते. सेवा केंद्राच्या त्या एका संगणकाला स्वतंत्र जोडणी किंवा स्वतंत्र राउटर द्यावा. घरात तेवढेही जमत नसेल तर बँकेचे काम करताना फोनचे वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरावा. त्याने टीव्हीवरचे कीर्तन अडत नाही, बल्ब रुसत नाहीत. आणि गेस्ट नेटवर्क? ते पाहुण्यांसाठी ठेवावे. लग्नाला आलेल्या पन्नास फोनांना घरचा मूळ पासवर्ड न देणे, हे त्याचे खरे काम, आणि ते ते चोख करते.

सिद्धांत

मुळात चूक नावापासून झाली आहे. स्मार्ट यंत्र हा पाहुणा नव्हे. पाहुणा येतो, बसतो, जातो. त्याच्यापुरती ढाळज पुरते. कॅमेरा, स्टार्टर, टीव्ही हे सालगडी आहेत. वर्षभर राहणार, पाणी-वीज त्यांच्या हाती, घरातली उठबस त्यांच्या डोळ्यांपुढे. सालगड्याशी व्यवहार भिंतीने होत नाही, बोलीने होतो: कुणाच्या ओळखीने आला, काम काय, कुणाचे ऐकायचे, साल कधी संपते. माणसाला यंत्राच्या पंगतीला बसवायचा माझा हेतू नाही. गड्याला शब्द असतो, शरम असते. यंत्राला दोन्ही नाहीत, म्हणून बोली अधिक पक्की हवी.

ओळखीचा प्रश्न बनवणाऱ्याला विचारायचा. ग्राहकांच्या यंत्रांसाठी युरोपात २०२० मध्ये जे मानक ठरले त्यात १३ कलमे आहेत. पहिले कलम सगळ्या यंत्रांना एकच पासवर्ड नको, दुसरे दोष कळवायला वाट हवी, तिसरे दुरुस्ती येत राहिली पाहिजे. भारताच्या दूरसंचार अभियांत्रिकी केंद्रानेही २०२१ मध्ये त्याच धर्तीवर आचारसंहिता काढली. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड बेकायदा ठरवला आणि दुरुस्ती किती काळ मिळेल ते सांगणे उत्पादकावर बंधनकारक केले. आपल्याकडे सीसीटीव्हीसाठी सुरक्षा-चाचणीची अट ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. या सगळ्यांचा रोख एकच आहे: ओझे बनवणाऱ्याच्या खांद्यावर. गेस्ट नेटवर्कचा सल्ला तेच ओझे गुपचूप मामांच्या खांद्यावर सरकवतो. पुढचा कॅमेरा घेताना दुकानदाराला भिंतीबद्दल नव्हे, या चाचणीबद्दल विचारा.

‘कुणाचे ऐकायचे’ हा प्रश्न आपला आपणच सोडवायचा, आणि गावात सर्वांत मोठे भोक इथेच असते. कॅमेरा बसवणारा पोरगा घाईत असतो. तो आपल्याच मोबाईल नंबरावर खाते उघडतो, मालकाला ‘शेअर’ करतो आणि निघून जातो. म्हणजे घर मालकाचे, कॅमेरा मालकाचा, आणि किल्ली त्या पोराची. तो भला असेल. पण त्याचा फोन हरवला, त्याने विकला, तर? खाते आपल्या नंबरावर हवे, पासवर्ड आपण बदललेला हवा, ओटीपीची सोय चालू हवी, आणि कुणाकुणाला ‘शेअर’ आहे ती यादी डोळ्यांखालून घातलेली हवी. राउटरच्या स्वतःच्या पानाचा पासवर्डही याच खणातला. कॅमेऱ्याचे तोंड कुठे आहे तेही पाहावे: दाराकडे, गोठ्याकडे, गल्ल्याकडे ठीक, न्हाणीकडे, तपासणीच्या खोलीकडे नको. जे कॅमेऱ्याने पाहिलेच नाही, ते कुणी चोरू शकत नाही.

आणि साल. आपल्याकडे गड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे ठरते. त्याच दिवशी, गुढी उभारून झाल्यावर, एक वही घेऊन बसावे आणि चार रकाने पाडावेत: यंत्र कोणते, किल्ली कुणाकडे, कुणाकुणाचे ऐकते, दुरुस्ती कधीपर्यंत येणार. विहिरीवरच्या स्टार्टरपासून सुरुवात करावी, टीव्हीपर्यंत यावे. अर्ध्या तासाचे काम आहे. भाचा गेस्ट नेटवर्कवर घालवतो तेवढाच वेळ. ज्याच्यापुढचे रकाने भरले ते पुढच्या पाडव्यापर्यंत राहील. ज्याच्यापुढचे कोरे राहिले त्याला ढाळजेतही बसवू नये. त्याचे साल भरले.